बाबांच्या महाधमनीत जांघेतून बसवलेला स्टेंट ग्राफ्ट : इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी विभागाचा आमचा अनुभव

बाबांना अन्ननलिकेचा कॅन्सर होता आणि त्यात दोनदा जिवावर बेतणारा रक्तस्राव झाला, दोन्ही वेळा छाती न उघडता, जांघेतून बारीक नळी घालून तो थांबवला, त्याबद्दल लिहितेय. हॉस्पिटलचं नाव देत नाहीये, तिथल्या लोकांना न विचारता लिहितेय म्हणून, आणि असा विभाग, म्हणजे एक्स-रेच्या पडद्यावर बघत बारीक नळीने आतून उपचार करणारा, बऱ्याच मोठ्या हॉस्पिटलांमध्ये असतोच, आमच्यासारख्यांना तो आहे हेच माहीत नसतं ही खरी अडचण आहे. मला तरी त्या रात्रीपर्यंत रेडिओलॉजी म्हणजे एक्स-रे आणि सोनोग्राफी काढून रिपोर्ट देणारे लोक एवढंच माहीत होतं.

पाचपैकी किती द्यायचे तर उपचाराला पाच, बोलण्याला पाच, आणि डिस्चार्जनंतरच्या व्यवस्थेला दोन. का ते सांगते.

बाबांची गाठ अन्ननलिकेच्या मधल्या भागात होती. केमो आणि रेडिएशन पूर्ण झालं होतं, ऑपरेशन होण्यासारखं नव्हतं कारण गाठ मागे महाधमनीला, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या सगळ्यात मोठ्या रक्तवाहिनीला, चिकटलेली होती. अन्ननलिका आणि छातीतली महाधमनी अगदी खेटून खाली उतरतात, आणि पोटातल्या आतड्यांना जसं बाहेरून एक पातळ आवरण असतं तसं अन्ननलिकेला नसतं, त्यामुळे गाठ वाढली की शेजाऱ्याला भिडायला तिला फार वेळ लागत नाही. हे आम्हाला सुरुवातीलाच सांगितलं होतं पण ते "चिकटलेली आहे" या दोन शब्दांत, आणि त्याचा पुढे काय अर्थ होऊ शकतो हे विचारायचं आम्हाला सुचलं नाही. मला आज सगळ्यात जास्त हळहळ त्याचीच वाटते.

दोन दिवस ते म्हणत होते की पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मधे, आतून कुणीतरी बोट रुतवल्यासारखं दुखतंय. आम्ही गरम पाण्याची पिशवी दिली. तिसऱ्या दिवशी रात्री दोनच्या सुमाराला त्यांना उलटी झाली आणि बेसिनमधे लालभडक रक्त, कपभर तरी असेल, काळपट नाही, चॉकलेटी नाही, एकदम ताजं लाल. आणि मग थांबलं. बाबा स्वतः उठून चूळ भरून आले आणि म्हणाले आता बरं वाटतंय, झोपतो.

घराजवळ एका दवाखान्यात रात्रपाळीचे डॉक्टर असतात तिथे आम्ही नेलं. त्यांनी ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलं, रेडिएशनमुळे आतून जखम झाली असेल, बीपी ठीक आहे, रक्त थांबलंय, सकाळी ओपीडीत दाखवा म्हणाले. मी कॅन्सरची फाइल पुढे केली होती, ती उघडलीही नाही. आम्ही घरी यायला निघालोसुद्धा होतो. दादाने गाडीतून कॅन्सरच्या डॉक्टरांच्या टीममधल्या ज्युनिअर डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी तीनच प्रश्न विचारले, छातीत किंवा पाठीत दुखत होतं का, रक्त लालभडक होतं का, आणि आपोआप थांबलं का. तिन्हीला हो म्हटल्यावर ते म्हणाले घरी जाऊ नका, गाडी वळवा, आणि पेशंटला चालवू नका.

हे तीन प्रश्न मी इथे मुद्दाम लिहितेय. छातीत दुखणं, मग थोडंसं लाल रक्त, मग काही तास किंवा काही दिवस सगळं शांत, आणि मग एकदम प्रचंड रक्तस्राव, हा क्रम कियारी नावाच्या डॉक्टरांनी 1914 सालीच लिहून ठेवलाय. महाधमनी आणि अन्ननलिका यांच्यात भोक पडलं की असं होतं. पहिलं रक्त थांबतं ते बरं झालं म्हणून नाही, तर बीपी थोडं पडलेलं असतं आणि भोकावर रक्ताची गुठळी बसलेली असते म्हणून. ती गुठळी सुटेपर्यंतचा जो वेळ असतो तेवढाच काय तो हातात असतो.

कॅज्युअल्टीत पोचल्यावर ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी आधी एंडोस्कोपीची तयारी चालवली होती, तेवढ्यात एक सीनियर मॅडम आल्या, फाइलमधला जुना सीटी पाहिला आणि म्हणाल्या दुर्बीण नको, आधी सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांत रंग सोडून काढतात तो सीटी), दुर्बिणीने गुठळी हलली तर टेबलावरच सगळं संपेल. तेव्हा मला कळलं नाही की ही केवढी मोठी गोष्ट त्यांनी केली. पाऊण तासात सीटी झाला, रक्ताच्या बाटल्या मागवून ठेवल्या. बीपी वरचं 90 च्या आसपासच ठेवलं, वाढवायचं नाही, मी दोनदा सिस्टरना सांगितलं की बीपी कमी आहे हो, तर त्यांनी न चिडता समजावलं की मुद्दामच कमी ठेवलंय, जोर वाढला तर गुठळी सुटेल.

सीटीत दिसलं ते असं की महाधमनीच्या भिंतीला अन्ननलिकेच्या बाजूने एक छोटासा फुगा आलाय आणि त्याच्या शेजारी हवेचे दोन-तीन बुडबुडे. रक्तवाहिनीजवळ हवा असायचं काही कारण नाही, ती अन्ननलिकेतून आलेली.

मग इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीचे डॉक्टर आणि रक्तवाहिन्यांचे सर्जन दोघे मिळून आमच्याशी बोलायला आले. पहाटेचे साडेचार वाजलेले. त्यांनी आम्हाला खुर्चीत बसवलं, स्वतःही बसले, उभ्याउभ्या नाही बोलले. टेबलावरच्या केसपेपरच्या मागे दोन उभ्या नळ्या काढल्या, मधे एक टिंब, आणि म्हणाले हे टिंब आम्ही आतून झाकू शकतो, पण टिंबाच्या शेजारचा कॅन्सर आम्ही काढणार नाहीये, तो तसाच राहणार. ह्याने बाबा बरे होणार नाहीत, ह्याने ते आज रक्तस्रावाने जाणार नाहीत असा प्रयत्न आहे. हे वाक्य मला जसंच्या तसं पाठ आहे.

आणि त्यांनी हेही सांगितलं की काहीच न करणं हाही एक रस्ता आहे, त्यात आम्ही त्यांना झोपेचं औषध देऊ, त्रास होऊ देणार नाही, आणि तुम्ही जवळ बसा. कुणी दबाव आणला नाही. बाबा शुद्धीत होते त्यामुळे त्यांनाच विचारलं, दादाला किंवा मला नाही. बाबांनी विचारलं, किती मिळतील? डॉक्टर म्हणाले काका, आकडा सांगितला तर खोटा सांगेन, पण आठवडे नक्की मिळावेत अशी अपेक्षा आहे आणि कदाचित महिने. बाबा म्हणाले मग करा.

सही करायच्या आधी त्यांनी नमुन्याचा एक स्टेंट ग्राफ्ट हातात दिला. बारीक तारेच्या नागमोडी कड्या आणि त्यावर घट्ट बसवलेलं पातळ पांढरं कापड, छत्रीच्या काड्यांवर कापड ताणलेलं असतं तसं. दाबला की मुठीत मावतो, सोडला की टचकन उघडतो. आतमधेही तेच करतात, दाबून नळीत भरलेला असतो, जागेवर नेऊन सोडला की उघडून महाधमनीच्या भिंतीला आतून चिकटतो आणि रक्त कापडाच्या आतून वाहायला लागतं, भोकाकडे जातच नाही. बाबांसाठी 28 मिलिमीटर व्यासाचा आणि 10 सेंटीमीटर लांबीचा निवडला होता, धमनी स्वतः 24-25 मिलिमीटरची होती पण थोडा मोठाच घ्यावा लागतो, नाहीतर धरून राहत नाही.

धोके तीन सांगितले. एक, मेंदूला गुठळी जाऊन स्ट्रोक. दोन, पाय लुळे पडणं, कारण महाधमनीतून पाठीच्या कण्याला रक्त देणाऱ्या शाखा निघतात आणि कापडाखाली त्या झाकल्या जातात. कण्याची मोठी शाखा बहुतेक लोकांत छातीच्या नवव्या ते बाराव्या मणक्याच्या दरम्यान निघते आणि बाबांचं भोक पाचव्या-सहाव्या मणक्याच्या पातळीला होतं, म्हणून त्यांनी आखूड ग्राफ्ट घेतला आणि खालचा भाग मोकळा ठेवला. तीन, इन्फेक्शन, आणि हा धोका शंभर टक्के टळणारा नाहीच असं स्पष्ट सांगितलं. अन्ननलिकेच्या बाजूचं भोक उघडंच राहतं, तिथून लाळ, जंतू सगळं थेट त्या कापडापर्यंत पोचतं. ज्याची तब्येत झेपणारी असते त्याच्यात हा ग्राफ्ट म्हणजे तात्पुरता बांध असतो आणि पुढे मोठं ऑपरेशन करून अन्ननलिका काढतात, धमनीही बदलतात, पण बाबांना ते झेपणारं नव्हतं, म्हणजे हाच बांध आणि कायमची अँटिबायोटिक्स.

प्रत्यक्ष प्रोसीजर सत्तर मिनिटं चालली. पूर्ण भूल दिली होती. उजव्या जांघेत सोनोग्राफीने बघून धमनीत सुई, सुईतून तार, तारेवरून साधारण पेन्सिलीएवढी जाड नळी, आणि शेवटी आतून टाका ओढून धमनी बंद करणारं जे यंत्र असतं त्याचे धागे सुरुवातीलाच लावून ठेवतात. बाहेरून बघितलं तर बाबांच्या अंगावर नखाएवढी जखम होती, एक छोटं चौकोनी ड्रेसिंग, बास. मी ते ड्रेसिंग बघून रडले, कारण सर्जन सांगत होते की पूर्वी अशा वेळी छातीची डावी बाजू बरगड्यांमधून उघडावी लागायची आणि कॅन्सरच्या पेशंटला ते सहसा कुणी सुचवायचंही नाही.

नंतर जागरणाच्या रात्रींत मी ह्याबद्दल बरंच वाचून काढलं. सुईतून तार आणि तारेवरून नळी ही पद्धत सेल्डिंजर नावाच्या स्वीडिश डॉक्टरांनी 1953 मधे आणली. 1964 मधे अमेरिकेत पोर्टलंडला डॉ. चार्ल्स डॉटर यांनी एका 82 वर्षांच्या बाईंच्या पायाची बंद होत आलेली धमनी न कापता आतून रुंद केली, पाय कापायची वेळ आली होती तो पाय वाचला. छातीतल्या महाधमनीत असा ग्राफ्ट युक्रेनमधल्या खारकिवला व्होलोदोस नावाच्या सर्जननी 1987 मधे बसवला आणि स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी 1994 मधे तेरा पेशंटचा अनुभव छापला. म्हणजे बाबा शाळेत होते तेव्हा पायाच्या धमनीपासून सुरू झालेलं काम त्यांच्या म्हातारपणी त्यांच्या छातीपर्यंत येऊन पोचलं होतं. मला त्या रात्री ह्याचा फार आधार वाटला, का ते नीट सांगता येणार नाही.

आयसीयूतल्या सिस्टरांबद्दल वेगळं लिहायलाच हवं. पहिले दोन दिवस दर तासाला एकच गोष्ट, काका, पायाची बोटं हलवा, आता टाच माझ्या हातावर दाबा, आता दुसरी. रात्री तीन वाजता झोपेतून उठवूनसुद्धा. बाबा वैतागायचे, पण त्या हात हातात घेऊन सांगायच्या की ताकद जरा जरी कमी वाटली तर लगेच करण्यासारखं काही असतं, उशिरा कळलं तर नसतं. आणि गंमत म्हणजे प्रोसीजरच्या आधी बीपी चढू द्यायचं नव्हतं आणि आता पडू द्यायचं नव्हतं, कण्याला रक्त पोचावं म्हणून. दोन्ही वेळा आम्हाला कारण सांगितलं गेलं. पाय शेवटपर्यंत ठीक राहिले.

अन्ननलिकेतही आतून एक स्टेंट टाकून ते भोक त्या बाजूनेही झाकायचं का, ह्यावर दोन डॉक्टरांची मतं वेगळी होती आणि ती त्यांनी आमच्यासमोर मांडली, लपवली नाहीत. शेवटी नको ठरलं कारण रेडिएशनने पातळ झालेल्या भिंतीवर स्टेंटचा दाब येऊन ती आणखी फाटू शकते. मग तोंडाने काही नाही, पोटात बसवलेल्या नळीतूनच आहार.

बाबा दहाव्या दिवशी घरी आले.

दुसरा रक्तस्राव साधारण दोन महिन्यांनी झाला. ह्या वेळी एकदम नाही, दोन दिवस थोडंथोडं, काळं शौच, आणि हिमोग्लोबिन खाली. आम्ही तडक त्याच विभागात गेलो. सीटीत ग्राफ्ट जागेवर होता, गळती नव्हती, रक्त गाठीतूनच येत होतं, गाठीला रक्त पुरवणाऱ्या बारीक फांद्यांमधून, त्यातली एक श्वासनळ्यांना रक्त देणाऱ्या धमनीतून फुटलेली. ह्या वेळी भूल नाही, फक्त जांघेत बधिर करायचं इंजेक्शन. दोन मिलिमीटरहून थोडी कमी जाडीची नळी आणि तिच्या आतून शेवयीएवढी दुसरी, ती फांदीच्या तोंडापर्यंत नेऊन त्यातून अर्ध्या मिलिमीटरचे कण सोडले, ते पुढे जाऊन अडकतात आणि रक्त थांबतं. ह्याला एम्बोलायझेशन म्हणतात. कण ह्याहून फार बारीक घेत नाहीत, कारण कण्याला जाणारी एखादी फांदी तिथूनच निघत असेल तर बारीक कण तिच्यात शिरायची भीती असते. त्याआधी प्रत्येक फांदीत रंग सोडून डॉक्टरांनी तीन-तीनदा फिल्म बघितल्या. बाबा सगळा वेळ जागे होते, नंतर सांगत होते की रंग सोडला की छातीत आतून गरम पाणी सांडल्यासारखं वाटायचं आणि डॉक्टर म्हणायचे श्वास धरा काका, धरून ठेवा, सोडा. नंतर तीन दिवस छातीत दुखलं, त्याची कल्पना आधीच दिली होती. रक्त थांबलं ते थांबलंच.

आता तक्रार. डिस्चार्जच्या वेळी फाइल चांगली जाड होती पण पुढे कुणी काय करायचं हे त्यात एकाही कागदावर धड लिहिलेलं नव्हतं. अँटिबायोटिक किती दिवस, तर कॅन्सर विभाग म्हणाला ते रेडिओलॉजीवाल्यांना विचारा, ते म्हणाले इन्फेक्शनवाल्या डॉक्टरांना विचारा, आणि त्यांची तारीख तीन आठवड्यांनंतरची. ह्या मधल्या काळात गोळ्यांचं प्रिस्क्रिप्शन संपलं आणि चार दिवस बाबा औषधाविना राहिले, पाचव्या दिवशी थंडी वाजून ताप. नशिबाने शिरेतून औषध दिल्यावर तो उतरला. पण ज्या पेशंटला इन्फेक्शन हाच पुढचा मोठा धोका आहे असं पहाटे साडेचारला इतकं नीट समजावून सांगितलं त्याच पेशंटचं असं होतं ह्याचा मला अजूनही राग येतो. सुट्टीच्या दिवशी फोन करायचा नंबरही आम्ही मागितला तेव्हा मिळाला. प्रोसीजर चालू असताना सत्तर मिनिटं बाहेर कुणी येऊन एक शब्द सांगितला नाही. आत सगळे कामात असणार हे कळतं, पण एका माणसाने दारातून "चालू आहे, ठीक आहे" एवढं म्हटलं असतं तरी आई त्या बाकावर तशी थरथरत बसली नसती.

म्हणून कुणावर ही वेळ आली तर निघायच्या आधी कागदावर लिहून घ्या : अँटिबायोटिक कोणतं, कधीपर्यंत, संपायच्या आधी कुणाला भेटायचं, पुढचा सीटी कधी, रक्त पातळ करणारी गोळी द्यायची की नाही, आणि रात्रीचा फोन नंबर. ग्राफ्टचं एक छोटं कार्ड मिळतं, त्यावर कंपनी, माप, तारीख असते, ते पाकिटात ठेवा, पुढे एमआरआय करायची वेळ आली तर तेच विचारतात. आणि ज्यांची गाठ महाधमनीला चिकटलेली आहे असं रिपोर्टमधे लिहिलंय त्यांनी आजच डॉक्टरांना विचारा की रक्त आलं तर आम्ही कुठे जायचं, तिथे चोवीस तास हे करणारं कुणी आहे का. काही पेशंटमधे रेडिएशन किंवा ऑपरेशनच्या आधीच सावधगिरी म्हणून ग्राफ्ट बसवतात असंही मला नंतर कळलं, तो प्रश्नही विचारून बघा, उत्तर नाही आलं तरी चालेल.

पहिल्या प्रोसीजरनंतर बाबा चार महिने आणि काही दिवस होते. त्यांनी घरातल्या सगळ्या स्विचबोर्डांवर आणि मीटरच्या डब्यात आईसाठी चिकटपट्ट्यांवर नावं लिहून लावली, मोटर, गीझर, जिन्यातला दिवा. बँकेची कामं तिला शिकवली. दादाच्या मुलीला बुद्धिबळात सलग हरवलं आणि शेवटच्या आठवड्यात एकदा तिने त्यांना हरवलं, त्यांनी मुद्दाम सोडलं नव्हतं असं ते शपथेवर सांगायचे.

दुसऱ्या डिस्चार्जच्या वेळी विभागातल्या एका सिस्टरनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं होतं की घरी गडद रंगाचे चार-पाच टॉवेल ठेवा, मरून किंवा गडद हिरवे, पुन्हा मोठा रक्तस्राव झाला तर पांढऱ्यावर लाल दिसलं की पेशंट आणि घरचे दोघेही घाबरतात, गडद कापडावर तितकं दिसत नाही. कुठल्याही कागदावर न लिहिलेली ही सूचना होती. मी त्याच दिवशी आणून पलंगाखालच्या खणात ठेवले. बाबा गेले ते कॅन्सर वाढत गेल्यामुळे, हळूहळू, झोपेत, आई आणि मी दोन्ही बाजूंना होतो. टॉवेल अजून त्याच खणात आहेत, दुकानाची लेबलंही काढलेली नाहीत.